अडवायचे, पण कोणाला?

नमस्कार,

दक्षिण गोव्यात चांदरला कोळसा वाहतुकीविरुद्ध आम्ही रेल्वे रुळांवर बसलो, त्या रात्रीबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. ती रागाने लिहिली आहे, पण तो राग उसना नाही. म्हणून खाली दोन ओळींत आभार मानून मोकळी होण्यापेक्षा सविस्तर उत्तर देते आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही आईला घेऊन फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, निघाला होता. वाटेत रास्ता रोकोत अडकलात, ओपीडीची वेळ टळली आणि पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. त्यावरून तुम्ही म्हणता की असली आंदोलने सामान्य माणसाला छळतात आणि ज्या पर्यावरणासाठी ती होतात त्याच्याबद्दलच लोकांच्या मनात अढी बसवतात. युरोपातल्या पोरांनी चित्रांवर सूप फेकून हेच केले आणि आपण त्यांचीच नक्कल करतो आहोत. न्याय हवा असेल तर कोर्ट आहे. शेवटी विचारता, ‘उद्या पुन्हा रस्ता अडवला तर तुम्ही तिथे बसाल का?’

आधी तुमच्या आईंबद्दल. गोमेकॉत तारीख मिळवणे म्हणजे काय, हे ज्याने केसपेपर हातात धरून रांग काढली आहे त्यालाच ठाऊक. ठराविक डॉक्टर ठराविक वारीच बसतात. घरून अंधारात निघावे लागते, उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर म्हाताऱ्या माणसाचे आणखी हाल. त्या दिवशी ज्यांनी तो रस्ता अडवला त्यांचा प्रश्न कितीही खरा असला, तरी तुमच्या आईंनी त्याची किंमत का मोजावी, याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि त्यांच्याकडेही नसावे. इस्पितळाकडे जाणारा रस्ता अडवू नये. याला माझ्या लेखी अपवाद नाही.

पण तिथून तुम्ही एकदम सगळ्याच आंदोलनांवर येता, तिथे मी थांबते.

युरोपातलेच उदाहरण घेऊ, कारण ते तुम्हीच दिले आहे. 14 ऑक्टोबर 2022 रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या खनिज तेलाविरुद्धच्या संघटनेच्या दोन तरुणींनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांवर टोमॅटोचे सूप फेकले. चित्रावर काच होती, चित्राला काही झाले नाही, चौकटीचे मात्र नुकसान झाले. दोन वर्षांनी त्यांना तुरुंगवास झाला, एकीला दोन वर्षे आणि दुसरीला वीस महिने. त्याआधी, 17 ऑक्टोबर 2019 ला, ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या हवामानबदलाविरुद्धच्या संघटनेचे काही जण पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन स्टेशनवर सकाळच्या गर्दीच्या वेळी ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, डब्यावर चढले. कामावर निघालेल्या लोकांनी त्यांना पाय धरून खाली ओढले आणि मारले. मारहाण मला मान्य नाही, पण तो संताप मला कळतो. पेट्रोलच्या धुराविरुद्ध आंदोलन करायचे आणि विजेवर चालणारी सार्वजनिक गाडी अडवायची, ज्या गाडीतला प्रवासी मोटार न वापरता कामावर निघाला आहे! त्या संघटनेच्या आतही त्या कृतीला बराच विरोध होता. 1 जानेवारी 2023 ला त्यांनी स्वतःच जाहीर केले की लोकांची अडवणूक हा आपला मुख्य मार्ग तूर्त असणार नाही.

तेव्हा ‘लोक चिडतात’ हे तुमचे म्हणणे खरेच आहे. त्याला अभ्यासाचाही आधार आहे. मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि क्लोई कोव्हाचेफ यांनी 2020 मध्ये प्रयोगांवरून दाखवले की आंदोलनाची कृती जितकी टोकाची वाटते तितका लोकांचा पाठिंबा घटतो, कारण लोकांना आंदोलक आपल्यातले वाटेनासे होतात. मात्र लक्ष वेधून घेते तीही टोकाचीच कृती. आंदोलन करणाऱ्यांचा खरा पेच हाच आहे.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर 2022 मध्ये जस्ट स्टॉप ऑइलने लंडनभोवतीचा एम-25 महामार्ग आठवडाभर विस्कळीत केला. त्याच्या आधी आणि नंतर त्याच लोकांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास 2024 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त आला. रस्ता अडवणाऱ्यांबद्दल ज्यांना जास्त माहिती झाली, त्यांच्यात ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या मवाळ संघटनेचा पाठिंबा वाढलेला दिसला. म्हणजे रस्त्यावर बसणाऱ्याला शिव्या घालणारा माणूस त्याच मुद्द्यावर शांतपणे अर्ज लिहिणाऱ्याच्या बाजूला सरकू शकतो. आंदोलक नावडणे आणि मागणी नावडणे या दोन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो. लोकांच्या मनात त्या वेगवेगळ्या असतात.

अमेरिकेत 1961 साली काळे-गोरे तरुण एकत्र बसमध्ये बसून दक्षिणेतल्या राज्यांत गेले. बसमध्ये आणि बसस्थानकांवर वर्णभेद चालत होता, तो मोडायला. अलाबामात त्यांची बस पेटवली गेली. त्या वेळी गॅलपच्या पाहणीत 61 टक्के लोकांनी या तरुणांबद्दल नापसंती सांगितली. आज त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा सापडायला कठीण. लोकमत त्या दिवशी काय आहे यावरून कृतीचे मोल ठरवायचे म्हटले, तर 18 जून 1946 ला मडगावात पोर्तुगीजांची सभाबंदी मोडून भाषणाला उभे राहिलेल्या राममनोहर लोहियांनाही कोणीतरी ‘शांतता बिघडवू नका’ म्हटलेच असते.

आता चांदर. तिथे काय अडवले गेले, हे तुम्ही नीट पाहावे अशी माझी इच्छा आहे. मुरगाव बंदरात परदेशातून कोळसा उतरतो आणि रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. त्या मार्गाचे दुपदरीकरण, मोलेच्या अभयारण्यातून जाणारी उच्च दाबाची वीजवाहिनी आणि महामार्गाचे रुंदीकरण असे तीन प्रकल्प 2020 मध्ये एकत्र पुढे आले. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदरच्या फाटकापाशी दुसऱ्या रुळासाठीचे काम व्हायचे होते. लोक नेमके तिथे जमले, रुळांवर बसले, पहाटेपर्यंत बसून राहिले. मी त्यांत होते. मेणबत्त्या होत्या, वाजवायला घुमट होते, ‘गोंयांत कोळसो नाका’चे फलक होते. माझ्या शेजारी एक आजी घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या होत्या. खडीत खुर्चीचे पाय डुगडुगत होते, म्हणून दोन मुलांनी खाली विटेचे तुकडे सरकवले आणि मग त्या जपमाळ काढून बसल्या. त्या रात्री कोणाचे इस्पितळ चुकले नाही. ज्या कामाला विरोध होता तेच काम त्या रात्री थांबले.

मी वास्कोत वाढले. बायण्यात घरी संध्याकाळी खिडकीच्या चौकटीवरून ओला फडका फिरवला की तो काळा निघायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. वाळत घातलेल्या पांढऱ्या युनिफॉर्मवर ठिपके. कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणींवर ताडपत्री घालतात असे सांगितले जायचे, आणि फडका तरीही काळाच. हवामानबदल हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हाचे हे आहे. आज तोच कोळसा जाळल्याने समुद्र वर येतो आहे, हे शाळेतले मूलही सांगते, आणि आमच्या खाडीकाठच्या खाजन शेतांचे बांध फुटून खारे पाणी आत शिरते तेव्हा बियाणे नव्याने विकत घ्यावे लागते ते शेतकऱ्याला, कोळसा आयात करणाऱ्याला नव्हे. चांदरला जमलेली माणसे युरोपातल्या कोणाची नक्कल करत नव्हती. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूने ती गाडी जाते.

कोर्टात जायला हवे होते म्हणता, तर लोक कोर्टातही गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 मध्ये दुपदरीकरणाच्या विरोधात अहवाल दिला आणि 9 मे 2022 ला न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. तो निकाल कागदपत्रांवर लागला, रुळांवरच्या रात्रीमुळे लागला असा दावा मी करणार नाही. पण खटला वर्ष-दीड वर्ष चालतो आणि तेवढ्यात झाडे पडून रूळ टाकून झाले, तर जिंकूनही हातात काय उरते? रस्त्यावरची माणसे आणि कोर्टातले वकील यांत एकाला निवडा, असे गोव्यात कधीच झालेले नाही.

तुमच्याच तालुक्याचे उदाहरण देते. केरी, सावईवेरे, भूतखांबचे पठार, थापर-ड्युपाँचा नायलॉन 6,6 चा कारखाना. तिथल्या लोकांनी वाट अडवली, लाठ्या खाल्ल्या, जानेवारी 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक हा तरुण गेला. मग कारखाना तामिळनाडूत गेला. ते आंदोलन करणारे आपल्यासारखेच होते. मराठीत भजन करणारे, कुळागरात सुपारी मोजणारे. आज फोंड्यात त्यांना कोणी ‘उपद्रवी’ म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणणार नाही. विद्यार्थ्यांच्या अर्ध्या तिकिटाचेही तसेच. 1978-79 मध्ये मुलांनी बसगाड्या अडवल्या तेव्हा प्रवासी खोळंबले होतेच. पुढे त्याच सवलतीवर आपली मुले कॉलेजला गेली.

तुम्ही कोकणी की मराठी या भाषावादाची आठवण काढली आहे. डिसेंबर 1986 मध्ये झाडे पाडून रस्ते बंद केले, माणसे गेली, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागला. ते लिहिताना तुमचा हात जड झाला असणार, वाचताना माझाही झाला. तिथे अडवला गेला तो कोणी मंत्री नव्हे, पलीकडच्या वाड्यावरचा माणूस. घरोघरी जी कटुता शिरली ती 4 फेब्रुवारी 1987 च्या राजभाषा कायद्यानेही गेली नाही. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा विचारते, अडवायचे ते कोणाला? ज्याच्या निर्णयाविरुद्ध भांडण आहे त्याच्यावर खोळंबा पडला तर ते आंदोलन. तो भलत्याच्याच डोक्यावर पडला तर लोक पाठ फिरवतात आणि त्यांचा दोष नसतो.

सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या बायका आयआयटीच्या जागेची मोजणी अडवायला उभ्या राहिल्या, त्यांनी नेमकी मोजणीच अडवली. 6 जानेवारी 2021 ला तिथे अश्रुधूर सुटला, दगडही चालले, पोलीसही जखमी झाले. दगड मला अजिबात मान्य नाही, तो कोणाच्याही हातातला असो. पण पुढच्या काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना प्रकल्प तिथून हलवण्याची घोषणा करावी लागली.

रस्ता अडवणे कायद्यात बसत नाही, हे तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. शाहीन बागच्या खटल्यात 7 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. रेल्वे अडवणे तर रेल्वे कायद्याच्या 174 व्या कलमाखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चांदरनंतर गुन्हे दाखल झालेही. बसणाऱ्याने ते माहीत असूनच बसावे, नाव लपवू नये, तोंडाला फडके बांधू नये, समन्स आले की हजर व्हावे. यातली जोखीम स्वतः घ्यायची, दुसऱ्याच्या आईवर टाकायची नाही. सत्याग्रह म्हणतात तो यालाच.

तर, मी बसेन का? बांबोळीच्या रस्त्यावर बसणार नाही. कोणी बसायचे ठरवले तर बैठकीत उठून विरोध करीन, आणि तरीही बसलेच तर 108 ची गाडी आणि रुग्णाची कोणतीही गाडी जाईल एवढी एक बाजू मोकळी ठेवायला मी स्वतः उभी राहीन. बंदराच्या फाटकापाशी, किंवा जिथे दुसरा रूळ पडतो आहे तिथे, बसेन.

कारण ते प्रकरण संपलेले नाही. 2022 चा निकाल कॅसलरॉक ते कुळे एवढ्या टप्प्यापुरता होता. खाली किनाऱ्याकडे, वेळसांवच्या बाजूला, दुपदरीकरणाच्या कामावरून लोक आणि यंत्रणा यांची झटापट त्यानंतरही चालू राहिली आहे. तिथे लोकांनी सरकारदरबारी निवेदने दिली, ग्रामसभेत ठराव घेतले. जेसीबी आला तेव्हा ते त्याच्यासमोर उभे राहिले. तुम्ही फोंड्याचे आहात, तिकडे जाणे तुम्हाला अवघड नाही. एखाद्या रविवारी जाऊन रूळ घरांपासून किती हातांवर आहे ते बघून या. नंतर माझ्याशी भांडायचे असेल तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.