वूफर साडेएकोणीस फुटांवर

आमच्या हॉलची लांबी सोळा फूट आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण बिल्डरने छापील पत्रकात अठरा लिहिली होती आणि ताबा मिळाला त्या दिवशी मी टेप घेऊन भांडायला गेलो होतो. त्यामुळे हॉलमधला वूफर, म्हणजे खर्जातल्या धमधम आवाजाचा मोठा डबा, माझ्यापासून साडेएकोणीस फुटांवर आहे, असं एखादं यंत्र सांगायला लागलं की मी ते मुकाट्याने ऐकून घेणं शक्यच नव्हतं.

यंत्र म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. गेल्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. दुकानदार म्हणाला, "साहेब, कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे सगळे स्पीकर तुमच्या खोलीप्रमाणे जुळवून घ्या. आमच्या ओळखीचा मुलगा आहे, सहा हजार घेतो." सहा हजार! खोक्यात माइक दिलेला, पुस्तक दिलेलं. आणि गीझरचा थर्मोस्टॅट मी स्वतः बदललेला माणूस आहे. (नंतर गीझरही बदलावा लागला, पण तो विषय वेगळा.)

तीन महिने तसेच काढले. पिक्चरमधला हीरो काहीतरी महत्त्वाचं कुजबुजायचा, ते घरात कुणालाच कळायचं नाही. आवाज वाढवावा तर पुढच्याच क्षणी कुणीतरी दार आपटायचं आणि शोकेसमधले कप किणकिणायचे. बायको रिमोट धरून सतत वर-खाली, वर-खाली. "अहो, काय म्हणाला तो?" मला तरी कुठे कळलं होतं?

शेवटी एका रविवारी माइक काढला. माइक बसायच्या जागी कानाच्या उंचीवर लावायचा, एकेका स्पीकरमधून चाचणीचा आवाज निघतो, यंत्र तो ऐकतं. मग माइक थोडा सरकवून पुन्हा. अशा आठ जागा. अट एकच, घरात शांतता हवी. ठाण्यात, घोडबंदर रोडला खेटून, रविवारी सकाळी! पहिल्या जागेला कुकरची शिट्टी झाली, दुसऱ्या जागेला भंगारवाला आला, तिसऱ्या जागेला आईला शिंक आली आणि यंत्राने पहिल्यापासून सुरू करा असं सांगितलं. मग रात्री अडीचला उठलो. दिवसा अडवून ठेवलेले ट्रक रात्रीच सुटतात, हे तेव्हा आठवलं.

कसंबसं जमलं. स्पीकरचे आवाज सारखे लागलेत का, हे तपासायला पिंक नॉइज लावला. प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेला हा आवाज असतो, आणि बसल्या जागी प्रत्येक स्पीकर मीटरवर ७५ डेसिबल दाखवेल असं बघायचं असतं. माझा फोन ७५ म्हणत होता, बायकोचा ६९. तेवढ्यात आई बादली घेऊन हॉलमध्ये आली. "पाणी आलं का रे?" शर्र्र् असा अखंड आवाज ठाणेकराला दुसऱ्या कशाचा वाटणार?

वूफरची जागा शोधायचा प्रकार याहून भारी. ४० हर्ट्झच्या, म्हणजे खूप खालच्या सुराच्या एका लाटेची लांबी साधारण २८ फूट असते. तो सोळा फुटांत मावत नाही, भिंतींवर आपटत राहतो. मग एखाद्या जागी नुसती घुमघुम, आणि दोन पावलांवर काहीच नाही. म्हणून वूफर आपल्या बसायच्या जागी, म्हणजे सोफ्यावर, ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे सगळे सूर सारखे लागतील ती वूफरची जागा. मी असा चार पायांवर, कान फरशीजवळ, आणि शेजारच्या काकू विरजण मागायला दारात. आई त्यांना हळूच म्हणाली, "काहीतरी बोललाय वाटतं देवाला." जागा मात्र सापडली, खिडकीजवळचा कोपरा.

आणि मग ते साडेएकोणीस फूट. मी टेप लावली. नऊ फूट बरोबर. यंत्राच्या हिशेबाने वूफर शेजारच्यांच्या ओट्यावर होता! मी बाणेदारपणे आकडा बदलून नऊ केला. एका स्पीकरबद्दल यंत्र काहीतरी इशारा देत होतं, तिथे नुसतं 'पुढे' दाबलं. आता हीरोची कुजबुज कळेनाच, वर दार आपटण्यातला दमही गेला.

शेवटी डोंबिवलीहून तो मुलगा आला. लॅपटॉप उघडला, स्वतःचा माइक लावला आणि पाच मिनिटांत म्हणाला, "काका, वूफरचं अंतर कुणी बदललं?"

"मी. टेपने मोजलं."

तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. आवाजाला एक फूट जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, त्याने समजावलं. यंत्र फूट मोजतच नाही, वेळ मोजतं, आणि आपल्याला कळावं म्हणून फुटांत दाखवतं. वूफरच्या पोटातल्या सर्किटमध्ये आवाजाला उशीर होतो, तोच हा साडेदहा फुटांचा फरक. "तो लेट येतोय हे ओळखून यंत्राने बाकीच्यांना थांबवलं होतं, काका. तुम्ही सांगितलंत, तो वेळेवर येतोय." त्यामुळे ८० हर्ट्झच्या आसपास, जिथे दोघांचे सूर एकत्र येतात, तिथे वूफर आणि बाकीचे स्पीकर एकमेकांचाच आवाज खात होते. शिवाय डावीकडच्या स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी होती. इशारा त्याचाच होता.

"कोपरा मात्र बरोबर निवडलाय," तो म्हणाला. हे मी बायकोला दोनदा सांगितलं.

दीड तासात काम झालं. मधला स्पीकर थोडा चढवल्यावर हीरोची कुजबुज अखेर स्वच्छ ऐकू आली. तो म्हणत होता, "चल, मी निघतो." मी सहा हजार दिले. बायको एवढंच म्हणाली, "गीझरवाल्यालाही आधीच बोलवायचं होतं." जाताना मुलाने बजावलं, "आता काही हलवू नका."

भाद्रपदात मखर त्याच कोपऱ्यात बसलं. आमच्याकडे ते कायम तिथेच बसतं, हे मी रांगताना विसरलो होतो. वूफर चपलांच्या स्टँडशेजारी गेला. विसर्जन झाल्यावर परत आणायला गेलो, तर आईने तिथे समई मांडलेली. "देवाच्या जागेवर तुझं ते डबडं नको." डोंबिवलीला फोन केला. मुलगा म्हणाला, जागा बदलली म्हणजे पहिल्यापासून. फी तीच.

काल रात्री अडीचला मी माइक काढला. आठही जागा झाल्या, ट्रक धरून. पडद्यावर आलं, वूफर एकवीस फूट. टेप खणातच होती.

म्हटलं, असेल.