तिकीट फुकट, पण थांब्यापर्यंत जायचं कसं?

एसटीनं ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास दिला, छानच केलं. आमच्या सासूबाई त्यामुळेच कोल्हापूरला लेकीकडे जाऊन येतात. कोल्हापूरचं त्यांना काही वाटत नाही. धास्ती असते ती घराजवळचा चौक ओलांडण्याची.

सिग्नलचं गणित बघा. पायी चालणाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. म्हणजे 18 मीटरचा रस्ता 15 सेकंदांत पार. गुडघे धरलेलं माणूस 0.8 नं चाललं तर साडेबावीस सेकंद लागतात. वरचे साडेसात सेकंद त्यानं कुठे काढायचे? दुभाजकावर उभं राहून, आणि तोवर दुचाकीवाले झेब्रावर येऊन अॅक्सिलरेटर पिळायला लागलेले असतात.

लोक म्हणतात, म्हातारी माणसं फुटपाथ सोडून रस्त्यानं का चालतात? एकदा चालून बघा. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमाप्रमाणे फुटपाथ 15 सेंटीमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी. आपला फुटपाथ प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी उतरतो, पुन्हा चढतो. मधे विजेच्या डीपीचे खोके, निखळलेले पेव्हर ब्लॉक, लावलेल्या गाड्या. काठी टेकत एवढी चढउतार करण्यापेक्षा डांबरी रस्ता बरा, हा हिशोब अगदी बरोबर आहे.

आपल्याला जमत नाही असंही नाही. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण 2016 चं आहे. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, बसायला जागा केल्या. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा दिसतात ते काही हवा बदलली म्हणून नव्हे! मग हे उपनगरांत का नाही?

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून मार्गदर्शिका काढली. त्यात दिल्ली आणि उदयपूरही होती. मागण्या काय, तर बाकं, स्वच्छतागृहं, चालता येईल असे रस्ते. बाकं आपल्याकडे आहेत म्हणा, पाठीवर नगरसेवकांचं नाव रंगवलेली. फक्त बसथांब्यापाशी सापडत नाहीत. स्वच्छतागृहांबद्दल तर कुणी बोलतच नाही. बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती बायका मला माहीत आहेत.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "या वयात एकट्यानं फिरायचंच कशाला? मुलांनी न्यावं." का? बँकेत, भाजीला, भिशीला जायला मुलाची रविवारची सुट्टी उजाडायची वाट बघायची? ज्या बाईनं चाळीस वर्षं घर चालवलं तिला कोथिंबीर आणायला परवानगी लागावी?

ज्येष्ठांना बसायला-गप्पा मारायला विरंगुळा केंद्रं हवीतच, पण तिथवर चालत जाता आलं पाहिजे. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं तर मी नव्या केंद्राचं विचारणार नाही, चौकातल्या सिग्नलचे सेकंद वाढवून मागणार आहे. त्याला फारसा खर्चही नाही. तुमच्या चौकात किती सेकंद मिळतात ते मोजा आणि खाली लिहा, चौकाच्या नावासकट. यादी वॉर्ड ऑफिसला मी नेऊन देते.