नऊ चमचे

विज्ञान संग्रहालयात मी गेलो तो भाचीच्या हट्टापायी आणि तिथल्या कॅन्टीनच्या आशेवर. लंबक, वाफेचं इंजिन वगैरे भराभर उरकत आम्ही आहाराच्या दालनात शिरलो आणि तिथे माझा घात झाला.

काचेच्या कपाटात शीतपेयाचा 330 मिलिलिटरचा डबा आणि शेजारी नळीत भरलेली त्यातली साखर. 35 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ नऊ चमचे! आजवर ही साखर मला नेहमी विरघळूनच भेटली होती. अशी कोरडी, पांढरीशुभ्र, नळीत ताठ उभी कधी पाहिली नव्हती. खाली पाटी : वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

"मामा, तू तर दोन डबे पितोस," भाची खणखणीत आवाजात म्हणाली. मागच्या दोन बायकांनी आधी पाटीकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

पलीकडे एका जागी ठोकलेली सायकल होती. पेडल मारा, जळलेल्या कॅलरी पाहा. एका डब्याच्या 140 कॅलरी होतात, ग्रॅमला चार, हा हिशेब भाचीनेच करून दिला. (शाळेत हल्ली नको तेच नीट शिकवतात.) मी इरेला पेटलो. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला, गुडघे कुरकुरू लागले, आणि आकडा? 28. रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "काका, झालं का तुमचं?" माझं केव्हाच झालं होतं.

कॅन्टीनमध्ये हात सवयीने फ्रिजकडे गेला. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली : साखर 10.6 ग्रॅम. हायसं वाटलं. मग दिसलं की तो आकडा 100 मिलिलिटरचा होता! डबा ठेवून संत्र्याचा रस उचलला, तर तोही शंभराला नऊ ग्रॅम. अखेर पाणी प्यायलो. समोर भाची निवांत आईस्क्रीम चाटत होती. तिच्या मते ते दालन मोठ्यांसाठी होतं.

घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, "आजपासून शीतपेय बंद!" ती माझ्या चहात साखर घालत होती. एक चमचा. दोन चमचे.

"मामी, मामा दिवसाला किती चहा पितो गं?"

"पाच," बायको तत्परतेने म्हणाली.

भाची बोटांवर मोजू लागली. मी तिला गृहपाठाची आठवण करून दिली.