'हॉलिवूडवर लॅटिनांचेच राज्य' म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वहिनींनी एक लांबलचक मजकूर पाठवला, आणि नंतर तोच मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. हॉलिवूडवर आता लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बायकांचेच राज्य आहे, तरीही त्या अन्यायाची रड सोडत नाहीत, असा त्याचा सूर आहे. खाली सहा मुद्दे आहेत: मोठ्या नट्या त्यांच्याच, ऑस्करही त्यांनाच, मोलकरणीच्या भूमिका मिळतात कारण वस्तुस्थितीच तशी आहे, उच्चार इंग्रजीला साजेसे नाहीत, त्यांच्या कथा बाहेर कोणी पाहत नाही, आणि हल्ली कामे गुणांवर नव्हे तर कोट्यावर मिळतात.

मी एरवी असे मजकूर न वाचता पुसून टाकते. हा मात्र माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. ती लॉस एंजेलिसमध्ये पटकथालेखन शिकते आणि मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरहून आलेल्या कुटुंबातल्या एका वर्गमैत्रिणीबरोबर मालिकेची संहिता लिहीत आहे. मजकूर वाचून एका वडीलधाऱ्यांनी तिला सल्ला दिला, की मैत्रिणीला तर कोट्यातून काम मिळून जाईल, मागे राहशील तू, तेव्हा वेळीच आपले वेगळे लिहायला घे. दोन मुलींच्या भागीदारीत असा संशय पेरला जात असेल, तर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

पहिला मुद्दा नावांचा. जेनिफर लोपेझ, सलमा हायेक, सोफिया वर्गारा, झोई सालडान्या आणि पेनेलोपे क्रूझ अशी यादी दिली आहे. यांतली क्रूझ माद्रिदजवळची, म्हणजे युरोपातली आहे, आणि लॅटिन अमेरिकी वंशाशी तिचा संबंध नाही. यादी करणाऱ्याने एवढेही तपासले नाही. उरलेली चार नावे खरी आहेत, पण चार नावांवरून सहा कोटींच्या समाजाची स्थिती ठरत नाही. अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक मुळाची) आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाची) लोकसंख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या 18.7 टक्के भरली. आता चित्रपटांकडे पाहू. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनेनबर्ग इन्क्लूजन इनिशिएटिव्हने 2007 ते 2019 या काळातले सर्वाधिक कमाईचे 1300 चित्रपट एकेक करून तपासले आणि 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बोलणाऱ्या पात्रांत हिस्पॅनिक आणि लॅटिनो पात्रे 5 टक्के होती, तर मुख्य किंवा सहमुख्य भूमिकांत अवघी 3.5 टक्के. हे आकडे स्त्री-पुरुष दोघांचे मिळून आहेत, त्यामुळे स्त्रियांचा वाटा त्याहूनही कमीच असणार. आणि हे सारे त्या लॉस एंजेलिसमध्ये घडते, जिथे परगण्याची जवळपास निम्मी वस्ती लॅटिनो आहे.

ऑस्करच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. 'वेस्ट साइड स्टोरी'मधल्या अनिताच्या भूमिकेसाठी रीटा मोरेनोला 1962 मध्ये सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि बरोबर 60 वर्षांनी, 2022 मध्ये, त्याच कथेच्या नव्या चित्रपटातल्या त्याच अनितासाठी एरियाना डिबोजला मिळाला. 2025 मध्ये सालडान्याला मिळाला, तोही सहायक भूमिकेसाठीच. प्रमुख अभिनेत्रीचा ऑस्कर 2025 पर्यंत एकाही लॅटिनाला मिळालेला नव्हता. जुन्या 'वेस्ट साइड स्टोरी'त मारिया या पोर्तोरिकन, म्हणजे कॅरिबियनमधल्या पोर्तोरिको बेटाच्या, नायिकेची भूमिका रशियन स्थलांतरितांची मुलगी असलेल्या नॅटली वूडकडे गेली, आणि अस्सल पोर्तोरिकन असलेल्या मोरेनोच्या चेहऱ्याला मात्र गडद रंग फासण्यात आला. ऑस्करनंतर आपल्याला त्याच साच्यातल्या टोळीयुद्धाच्या चित्रपटांचे देकार येत राहिले आणि ते नाकारल्यामुळे कित्येक वर्षे चित्रपटांत कामच मिळाले नाही, हे मोरेनोने पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अपायकारक वाटतो, कारण तो समंजस भाषेत मांडला आहे. मजकूर म्हणतो की अमेरिकेत घरकाम करणाऱ्या बायका मोठ्या प्रमाणावर लॅटिना असतात, त्यामुळे पडद्यावर मोलकरीण लॅटिना दाखवली तर त्यात अपमान कसला? यातला पहिला भाग खरा आहे आणि तो मी मान्य करते. घरे झाडणाऱ्या आणि परक्यांची मुले सांभाळणाऱ्या लॅटिना स्त्रिया तिथे खरोखरच मोठ्या संख्येने आहेत. पण म्हणून पडद्यावर त्याच दिसाव्यात, आणि दिसतील तेव्हाही त्यांना स्वतःचे म्हणून काहीच नसावे, हे त्यातून कसे निघते?

लूपे ओन्टिवेरोस या अभिनेत्रीचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म टेक्सासमधल्या एल पासोचा, शिक्षण टेक्सास वुमन्स युनिव्हर्सिटीतले, आणि अभिनयाकडे वळण्यापूर्वी त्या समाजकार्य करत होत्या. मोलकरणीची भूमिका आपण दीडशे वेळा तरी केली असेल, असे त्या स्वतः सांगत. त्यांतली 'द गूनीज' या 1985 च्या चित्रपटातली रोसालिता जवळून पाहण्यासारखी आहे. घरमालकीण तिला सामान आवरण्याच्या सूचना देते आणि रोसालिताला इंग्रजी येत नाही म्हणून एक पोरगा दुभाष्या होतो. तो स्पॅनिशमध्ये तिला भलतेच सांगतो, की कोणते अमली पदार्थ कोणत्या खणात ठेवायचे आणि काम नीट केले नाही तर तिला झुरळांसोबत कोंडून ठेवले जाईल. प्रेक्षकांनी हसायचे ते तिच्या घाबरलेल्या चेहऱ्याला. ती कुठे राहते, तिला मुलेबाळे आहेत का, हे त्या दृश्यात कोणाच्या मनातही येत नाही. इंग्रजीतून पदवी घेतलेल्या बाईला इंग्रजी न कळणारी बाई म्हणून उभे केले, हा अभिनयाचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण तीच बाई तिने दीडशे वेळा करावी, याला वस्तुस्थितीचे चित्रण म्हणता येत नाही. सोनिया सोटोमायोर 2009 पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश आहेत आणि एलेन ओचोआ 1993 मध्ये अंतराळात जाऊन आल्या, पुढे जॉन्सन अंतराळ केंद्राच्या संचालकही झाल्या. वस्तुस्थितीत त्याही येतातच.

दोष कामात नाही, लिहिणाऱ्याच्या नजरेत आहे, याचा पुरावा ओन्टिवेरोस यांच्याच कारकिर्दीत सापडतो. 2002 च्या 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज'मध्ये त्यांनी पूर्व लॉस एंजेलिसमधल्या शिवणकारखान्यात राबणारी आई केली. ही आईसुद्धा कष्टकरीच आहे, पण ती लेकीवर जीव टाकते, तिला टोचून बोलते, तिच्या शिक्षणाच्या आड येते, आणि आपल्याला तिची चीड आणि कणव एकदमच येते. ती मुळात होसेफिना लोपेस यांच्या नाटकातली आहे आणि चित्रपटाचे दिग्दर्शन पॅट्रिशिया कार्डोसो यांनी केले आहे. तसेच 'रोमा' या मेक्सिकन चित्रपटातली क्लेओ घरकामच करते, आणि त्या भूमिकेसाठी यालित्झा अपारिसिओला 2019 मध्ये प्रमुख अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. हिंदी चित्रपटांत वर्षानुवर्षे मोलकरीण म्हणजे मोडके हिंदी बोलणारी मराठी बाई आणि हवालदार म्हणजे वेंधळा मराठी माणूस, हे पाहून आपण चिडलो आहोत. ती चीड आपली असेल तेव्हा रास्त आणि दुसऱ्याची असेल तेव्हा रड, असे म्हणणे मला मान्य नाही.

उच्चारांचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेतले सुमारे दोनतृतीयांश लॅटिनो तिथेच जन्मले आहेत आणि त्यांचे इंग्रजी त्यांच्या शेजाऱ्यांसारखेच आहे. अमेरिका फेरेरा लॉस एंजेलिसमध्ये जन्मली, वाढली. 2019 च्या आपल्या टेड भाषणात तिने सांगितले आहे, की कोवळ्या वयात एका निवड चाचणीत तिला तोच प्रसंग पुन्हा, पण जास्त 'लॅटिना' वाटेल असा करायला सांगितले. स्पॅनिशमध्ये करू का, असे तिने विचारले, तर उत्तर आले की इंग्रजीतच, फक्त तसे वाटले पाहिजे. म्हणजे तिच्या तोंडी नसलेला उच्चार तिच्याकडूनच मागितला जात होता, आणि तो काढला की हा मजकूर लिहिणारे उच्चाराकडे बोट दाखवायला मोकळे.

लॅटिना कथा बाहेर कोणी पाहत नाही, हे वाक्य महाराष्ट्रात फिरावे याचे मला विशेष वाईट वाटते. 2003 मध्ये सोनीवर सुरू झालेली 'जस्सी जैसी कोई नहीं' आपल्याकडे घरोघरी पाहिली गेली. ती फर्नांडो गैतान यांच्या 'यो सोय बेट्टी, ला फेआ' या कोलंबियन मालिकेची भारतीय आवृत्ती होती. मोना सिंगच्या जाड चष्म्यामागे आणि दातांवरच्या तारांमागे मूळची बेट्टीच होती. तिचीच अमेरिकी आवृत्ती, 'अग्ली बेट्टी', 2006 मध्ये आली. तिच्या निर्मात्यांत सलमा हायेक होती, आणि त्या भूमिकेसाठी फेरेराला 2007 मध्ये विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला, जो तोवर एकाही लॅटिनाला मिळाला नव्हता. निर्णय घेणाऱ्यांत एक लॅटिना होती म्हणून हे घडण्याची शक्यता वाढली. मजकुराच्या यादीत हायेकचे नाव आहे, पण तिचे हे काम नाही.

एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. संगीतात चित्र खरोखर वेगळे आहे. 2020 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, मध्यंतराचा कार्यक्रम कोलंबियन गायिका शकिरा आणि जेनिफर लोपेझ यांनी केला, आणि 2023 मध्ये कोलंबियन गायिका कॅरोल जी हिचा संपूर्ण स्पॅनिश अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकी अल्बम-यादीच्या पहिल्या स्थानी पोहोचला, जे त्याआधी कोणत्याही स्त्रीच्या स्पॅनिश अल्बमला जमले नव्हते. मजकुरातले 'राज्य' कुठे असेलच, तर ते इथे आहे. पण गाणे श्रोत्यांपर्यंत थेट पोहोचू शकते. मालिका किंवा चित्रपट मात्र आधी कोणीतरी मंजूर करावा लागतो.

आणि म्हणूनच कोट्याचा मुद्दा सर्वांत खोटा आहे. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने 2021 च्या अहवालात दाखवले, की 2019 मध्ये माध्यम उद्योगातल्या कर्मचाऱ्यांत लॅटिनो 12 टक्के होते, तर बाकीच्या सर्व उद्योगांत मिळून 18 टक्के. ज्या कोट्यामुळे वाटा इतर धंद्यांपेक्षा कमी होतो, तो कसला कोटा? ग्लोरिया काल्डेरॉन केलेट यांनी सहकाऱ्यासह घडवलेली 'वन डे अ‍ॅट अ टाइम' समीक्षकांनी उचलून धरली, तरी नेटफ्लिक्सने 2019 मध्ये तीन हंगामांनंतर ती बंद केली. दुसऱ्या वाहिनीने ती घेतली आणि 2020 मध्ये तिथेही ती संपली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 270 हून अधिक लॅटिनो लेखक आणि निर्मात्यांनी हॉलिवूडला खुले पत्र लिहिले. लॅटिनो कथा सांगताना त्या लिहिणारे, मंजूर करणारे आणि पैसा लावणारेही लॅटिनो असावेत, हा त्याचा गाभा होता. 2022 च्या उन्हाळ्यात वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने एका डोमिनिकन मुलीची 'गोर्डिता क्रॉनिकल्स' ही मालिका एकाच हंगामानंतर बंद केली आणि लेस्ली ग्रेसची मुख्य भूमिका असलेला, चित्रीकरण पूर्ण झालेला 'बॅटगर्ल' हा चित्रपट कायमचा गुंडाळून ठेवला.

माझ्या भाचीच्या मैत्रिणीला अशा बाजारात आपली संहिता घेऊन जायचे आहे. तिच्यामुळे भाचीचे काम हुकेल, असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दोघींची पहिल्या भागाची संहिता मागवून वाचावी. तिच्यातली आजी भाचीने लिहिली आहे, आणि ती मूळची साताऱ्याची आहे.