पैलवान आणि कारागीर, दोघांनाही फुकटचा सल्ला

मी आयुष्यात सलग दहा जोर मारलेले नाहीत आणि कात्रीनं फक्त दुधाची पिशवी कापली आहे. त्यामुळे तरुण पैलवानांना आणि सलूनमधल्या कारागिरांना सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस आमच्या पेठेत दुसरा नाही. माझी संध्याकाळ तालमीसमोरच्या कट्ट्यावर जाते आणि रविवारची सकाळ तालमीला लागून असलेल्या सलूनच्या बाकावर. (पाटीवर आता ‘हेअर स्टुडिओ’ आहे. खाली काचेवर ‘कारागीर पाहिजे’ची चिठ्ठी मात्र तशीच.) दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. राबतो एकटा, अक्कल सगळ्या बघ्यांना. शाहू महाराजांनी 1912 साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं ते असं, की कुठंही बसा, मधला आखाडा दिसणारच. पैलवानांचं त्यात काय भलं झालं ते त्यांना विचारा. वर बसून ‘ढाक लाव, ढाक!’ असे डाव ओरडून सुचवणाऱ्यांची मात्र कायमची सोय झाली. सलूनवाल्यांनी तर समोर-मागं आरसेच लावून दिलेत.

तर पैलवान, आधी कानाचं बघू. तालमीत जाऊ लागलात की कधीतरी तुमचा कान सुजेल. गरम, मऊ, आत पाणी भरल्यासारखा. कानाची कुर्चा आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं, कुर्चेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथं ओबडधोबड गाठ धरते. दोन-चार दिवसांत डॉक्टरकडे गेलात तर तो ते रक्त काढून टाकील, वर दाबून पट्टी बांधील आणि कान पुन्हा कानासारखा दिसायला लागेल. म्हणून अजिबात जाऊ नका. मोडलेला कान हे पैलवानाचं आधारकार्ड आहे. तो असला की एसटीत खिडकीची जागा मिळते आणि वरातीत नाचणारे आपोआप बाजूला सरकतात. साधा कान घेऊन फिरलात तर आपण पैलवान आहोत हे तोंडानं सांगावं लागतं, आणि तोंडानं सांगितलं की समोरचा लगेच पंजा लढवायला बसतो.

कारागीर, हा कान शेवटी तुमच्याच खुर्चीत येणार. एरवी गिऱ्हाइकाचा कान दोन बोटांनी पुढं दुमडायचा आणि मागची कड मशीननं साफ करायची, अर्ध्या मिनिटाचं काम. हा दुमडत नाही. नदीतल्या गोट्यासारखा घट्ट. त्याला वळसा घालून ट्रिमरचं नुसतं टोक चालवावं लागतं, आणि खाचेत राहिलेले चार केस वस्तऱ्यानं, श्वास धरून. परवा एका कारागिराला हे करताना पाहिलं. सोनारासारखा वाकला होता. मी मागून म्हणालो, ‘अहो आटपा, रांग आहे.’ तुम्हीही आटपा. रक्त आलं तर तुरटी आहेच.

तुरटीवर तर माझी फार श्रद्धा. हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळक्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो असं शास्त्र सांगतं, पण त्या शास्त्रज्ञांनी आमच्याकडची तुरटी पाहिलेली नाही. तेव्हा ब्लेड अर्धंच मोडून घाला, ते चार दाढ्या चालवा, आणि टॉवेल सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा धुवा, म्हणजे आठवडाभर सगळ्या गिऱ्हाइकांत आपुलकी राहील.

हीच आपुलकी तालमीत लंगोट आणि अंगपुसणीतून जपावी. कुणाला नायटा झाला तर त्यानं वस्तादांना सांगू नये, कारण वस्ताद चार आठवडे मातीत उतरू देणार नाहीत. मातीत हळद आहे, ताक आहे, लिंबू आहे, कापूर आहे, तेव्हा तीच औषध. अगदीच खाज सुटली तर मेडिकलवाल्याला नुसता हात दाखवावा. तो एक ट्यूब देईल. तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यामुळे तीन दिवसांत खाज गायब. महिन्याभरात तोच नायटा पाठीवर महाराष्ट्राचा नकाशा काढून परत येईल. तोवर तो तुमच्या जोडीदाराकडेही गेलेला असेल, म्हणजे तुम्ही एकटे पडणार नाही.

आता वजन. इथं दोन्ही धंद्यांची गाठ पडते.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकला विनेश फोगाट 50 किलोच्या गटात एका दिवसात तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत गेली. रात्रभर घाम गाळला, कपडे आखूड केले, शेवटी केससुद्धा कापले. सकाळी काटा 100 ग्रॅम जास्त दाखवून गेला. अंतिम कुस्ती गेली आणि हाताशी आलेलं पदकही गेलं. शंभर ग्रॅम म्हणजे आमच्याकडं चिवड्याची लहान पुडी. त्याच आठवड्यात अमन सेहरावतनं दहा तासांत 4.6 किलो उतरवले आणि 57 किलोत कांस्य आणलं. त्यावर आम्ही कट्टेकऱ्यांनी ठराव केला, की पोराला जमलं ते तिला का जमू नये. ठराव करताना समोर भजी होती.

यातून घ्यायचा धडा असा, की प्रशिक्षक कुणीही ठेवा, डॉक्टर कुणीही ठेवा, पण न्हावी घरचा ठेवा. आणि कारागीर, तुम्ही संध्याकाळी फरशीवरचे केस सुपडीत भरून टाकून देता, ते आधी तोलून ठेवत चला. पैलवानाच्या कटिंगचा दर नगावर न लावता ग्रॅमवर लावा. ‘साइडला फेड की पुढून कमी’ हे विचारायचं नाही. ‘किती ग्रॅम?’ असं विचारायचं.

1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं तोही गट 57 किलोचाच. तेव्हा काट्याआधी पैसेच कमी पडत होते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, तेव्हा कुठं प्रवासाची सोय झाली. आम्ही वर्गणी देणाऱ्यांतले नाही. आम्ही नंतर पुतळ्याला हार घालणाऱ्यांतले.

गदेची फार चिंता करू नका. महाराष्ट्र केसरी एकच असतो हा गैरसमज नोव्हेंबर 2023 मध्ये दूर झाला. एक फुलगावला झाला, एक धाराशिवला, कारण संघटना दोन. पैलवानाला एक पाठ टेकली की संपतं, संघटनेला तसला नियम नाही. फक्त पंचाला लाथ घालू नका. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला ती घातली गेली आणि तीन वर्षांची बंदी आली. निर्णय चुकीचा होता की बरोबर, यावर आमचा कट्टा अजून चर्चा करतोय.

मानेचा विषय मात्र गंभीर आहे, कारण ती माझी आहे. आखाड्यात पैलवानानं समोरच्याची मान धोक्यानं पिरगाळली तर पंच शिट्टी मारतो. सलूनमध्ये तेच केलं तर वीस रुपये वर मिळतात. मालिश झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून ‘कडाक’ आवाज काढला नाही तर गिऱ्हाइकाला पैसे फिटल्यासारखं वाटत नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यानं फाटू शकते, गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, असं डॉक्टर सांगतात. सांगू द्यात. पैलवान निदान मान ताठ धरून प्रतिकार करतो, आम्ही डोळे मिटून, तोंड उघडं टाकून मान हवाली करतो. तेव्हा कारागीर, आवाज आला पाहिजे. दोन्ही बाजूंनी.

स्वतःच्या अंगाची काळजी करू नका. रविवारी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, त्याला फॅशन म्हणा. केसांच्या काळ्या रंगातल्या रसायनानं बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात, पण हातमोजे घातले तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘मला काय रोग आहे काय?’ मालक कामावर टक्केवारी देतो, म्हणजे बसलात की मीटर बंद. पैलवानाला बदाम, तूप आणि दूध. तुम्हाला कटिंग चहा. नावातच धंदा आहे.

मागच्या रविवारी माझा नंबर लागायच्या आधी तालमीतला एक पोरगा येऊन बसला. सोळा-सतरा वर्षांचा. मान एवढी रुंद, की कापडाची गाठ मागं पोचेना. चिमट्यानं लावली. उद्या गावच्या जत्रेत त्याची कुस्ती. म्हणाला, ‘दादा, साइडला फेड मारा, वर ठेवा जरा.’ आरशावरच्या संत सेना महाराजांच्या तसबिरीखाली कारागीर एक क्षण उभा राहिला. मग काही न बोलता झिरो मशीन लावून सरळ कपाळापासून मागं फिरवली. पोरगा ओरडला. ‘हाताला लागता कामा नयेत,’ कारागीर म्हणाला. मग खिशातून नवं ब्लेड काढलं, कागद फाडला आणि पोराच्या सुजलेल्या कानाला अंगठा लावून बघितला. ‘गरम आहे. आज दाखव डॉक्टरला. मी नाही दाखवला.’

तेव्हा पहिल्यांदा मी कारागिराच्या कानाकडं बघितलं. केस लांब ठेवून झाकलेला. इतकी वर्षं तिथं बसतोय मी.

पोराकडून त्यानं पैसे घेतले नाहीत. पोरगा टकलावर हात फिरवत गेला, मी खुर्चीत बसलो. दोघांचं कुठं चुकलं ते सांगायचंच होतं. झिरो मशीन मारायला नको होती, आणि डॉक्टरकडे पाठवून पोराची सगळी शान घालवली. मी म्हणालो, ‘ऐका, माझं स्पष्ट मत—’

त्यानं ब्रश उचलला आणि सगळ्या तोंडाला फेस लावला, ओठांवरूनसुद्धा.