२५२० : रामानुजनांच्या नावावर खपवलेला चमत्कार

गणित दिवस जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा : १ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाईल अशी संख्या असूच शकत नाही, असं जगभरचे गणिती मानत होते. रामानुजन यांनी २५२० शोधली आणि सगळे थक्क झाले. अशी संख्या ही एकमेव. तिचं रहस्य : आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने.

‘असूच शकत नाही’ हे पहिल्याच पायरीवर कोसळतं. १ ते १० यांचा सरळ गुणाकार करा, ३६,२८,८०० येतील. त्यांना या दहाही संख्यांनी भाग जाणारच, त्या आपणच आत घातल्यात! प्रश्न उरतो तो सर्वांत लहान संख्येचा, आणि तो शाळेतला लसावि आहे. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार केला की २५२०. बाकीच्या संख्या यातच येऊन जातात. लसावि काढायची रीत युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली. त्याच्याही आधी प्लेटोने ‘लॉज’ या संवादात आदर्श नगरासाठी ५०४० घरांचा आकडा सुचवला होता. का, तर त्याला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, वाटण्या सोप्या पडतात. ५०४० म्हणजे २५२० ची दुप्पट. म्हणजे ‘एकमेव’ही गेलं. ७५६०, १००८०... हव्या तितक्या घ्या.

कॅलेंडरचा गुणाकार बरोबर आहे, पण त्याला अर्थ नाही. वर्षाच्या दिवसांना आठवड्याच्या दिवसांनी गुणून कशाचं माप मिळतं? शिवाय ३६० दिवसांच्या वर्षात ३१ तारखांचं काय करायचं? जुळतं ते एवढ्याचसाठी की ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ७ ने गुणलं की तीही उणीव भरली.

आता रामानुजन. संबंध आहे, पण वेगळा, आणि मेसेजपेक्षा कितीतरी रंजक. ज्यांचे विभाजक आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त असतात, अशा संख्यांवर त्यांचा मोठा निबंध १९१५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी केंब्रिजने त्यांना बी.ए. दिली ती याच कामावर. निबंधातल्या यादीत २५२० आहे (तिचे विभाजक ४८), पण सुरुवातीच्या छोट्या मंडळींत. यादी पुढे काही लाख कोटींपर्यंत जाते, तीही हाताने काढलेली! तेवढ्यात २९,३३१ कोटी ८६ लाख २५ हजार ६०० ही एक संख्या निसटली, हे नंतर लक्षात आलं.

आणि २५२० चं कौतुकच करायचं असेल तर खरं कारण आहे. या जातीच्या, तिच्यापेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला तिने भाग जातो. हा गुण जातीतल्या फक्त सहाजणींकडे आहे : १, २, ६, १२, ६० आणि २५२०. ५०४० पाशीच तो संपतो, कारण पुढच्याच ७५६० ला ५०४० ने भाग जात नाही.