काकांनी नेट चालू केलं

२० तारीख. जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि अकाउंट्सचं नेट गेलं. हे सगळं मी अजून दात खातच लिहितोय.

ऑफिसचं नेटवर्क मी बघतो. आमचा रॅक, म्हणजे ऑफिसभर नेट वाटणाऱ्या स्विचचं कपाट, ज्या खोलीत आहे तिथे गणपतीचं मखर, जुन्या व्हाउचरांच्या फायली आणि मोडक्या खुर्च्याही राहतात. एसीचा रिमोट अ‍ॅडमिनकडे असतो आणि अ‍ॅडमिन कायम जेवायला गेलेला असतो. घाम पुसत लॅपटॉप स्विचच्या कन्सोलला लावला. १७ नंबरचा पोर्ट एर-डिसेबल, म्हणजे स्विचने स्वतःच बंद केलेला; कारण बीपीडीयू गार्ड नावाची राखण. म्हणजे स्विच दर दोन सेकंदांनी जो निरोप (बीपीडीयू) बाहेर सोडतो, तोच त्या पोर्टातून फिरून परत आला होता. कुणीतरी लूप केला होता.

१७ नंबर जातो अकाउंट्सच्या काकांच्या टेबलाखालच्या आठ पोर्टच्या छोट्या स्विचच्या साध्या डबीत. वाकून पाहिलं. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच डबीत.

“काका, ही वायर कुठून आली?”

“इथूनच.”

“जाते कुठे?”

“इथेच. सुटी लोंबत होती, पाय अडकायचा. भोक रिकामं होतं, लावली.”

“अहो, पण कशाला?”

“दोन वायरींनी जास्तच येईल ना नेट! कमी कसं येईल?”

मी वायर उपटली आणि समजावायला बसलो. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो, प्रत्येक राउटरवर एकाने घटतो, शून्यावर पॅकेट संपतं. ऑफिसातल्या वायरींवरून धावणाऱ्या इथरनेट फ्रेमला मरणच नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना धाडलेला निरोप, लूपमध्ये अडकला की फिरतच राहतो, वाढत जातो. रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप तोडायची युक्ती, शोधली ती याच्यासाठीच. आणि आपला स्विच शहाणा, त्याने एक पोर्ट बंद करून अख्खा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा हा सगळा भाग, वाचवला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे नेट तुमच्या स्विचनेच बंद केलं.”

“वाचवलं, काका.”

“हो, पण बंद केलं ना?”

“...केलं.”

“मग!” आणि त्यांनी सगळ्या डिपार्टमेंटकडे विजयी नजरेने पाहिलं. “आमच्या घरचा राउटर बघा. कध्धी असले चाळे करत नाही.”

एर-डिसेबल झालेला पोर्ट आमच्याकडे आपोआप उठत नाही, तशी वेळ मी मुद्दामच लावलेली नाही. ‘शटडाउन’, मग ‘नो शटडाउन’ द्यावं लागतं. “कशालाही हात लावू नका,” असं बजावून मी वर गेलो. दोन्ही कमांड दिल्या, दिवा हिरवा झाला. खाली त्याच मिनिटाला काकांनी डबीचा प्लग काढून परत खोचला होता.

उतरलो तर टाळ्या चालू. साहेब म्हणाले, “काकांनी केलं चालू. तुम्ही होतात कुठे?”

स्विचच्या लॉगमध्ये सेकंदासकट वेळ आहे. प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यावर सध्या चहाचा कप असतो. टेबलाखालच्या डब्या काढून भिंतीत नीट पॉइंट द्या, हा माझा अर्ज दिवाळीपासून ‘विचाराधीन’ आहे.

काल एचआरच्या मॅडमचा प्रिंटर अडला. त्यांनी काकांना बोलावलं.